जवानासाठी टाका: माया हवी, मापही हवे

सुगी आटोपते, उन्हे तापू लागतात आणि आपल्या वाशिम, रिसोडकडच्या गावांतून एक काम निघते. जुनी लुगडी, विरलेली धोतरे, पोरांचे उसवलेले सदरे पेटीतून बाहेर येतात. ओसरीवर एकावर एक थर पसरले जातात. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसतात. दाभणात दोरा ओवला जातो आणि बोलता बोलता गोधडी उभी राहते. कुणी तिला गोधडी म्हणते, कुणी वाकळ. नाव काहीही असो, तिच्यात आजीचे लुगडे असते, बाचे धोतर असते आणि शिवणारीच्या हाताची ऊब असते.

आता मनात एक प्रश्न आणून पाहा. समजा, तुमच्या गावचा एक पोरगा नौदलात आहे. तो सुट्टीवर येतो, चार दिवस राहतो आणि परत जातो. जाताना त्याच्या हाती काहीतरी आपल्या हातचे द्यावे असे गावातल्या बायांना वाटते. सगळ्या मिळून त्याच्यासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी काहीतरी शिवायचे ठरवतात. मग काय शिवावे?

प्रश्न सोपा वाटतो. पण मायबहिणींनो, तो तितका सोपा नाही. आज आपण तोच उलगडून पाहू.

समुद्र दूर, तरी नाते जुने

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगेचा पूर हीच आपली मोठ्यात मोठ्या पाण्याची ओळख. तरीही समुद्राशी आपले नाते जुने आहे. कारंजावरून जाणारी शकुंतला ही छोटी गाडी आता बंद पडली, पण इंग्रजांच्या काळात ती टाकली गेली ती कापसासाठीच. इथल्या कापसाच्या गाठी तिच्यातून मोठ्या रेल्वेकडे, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे जहाजाने विलायतेला जात. पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा बायांचा पोषाख तुम्ही पाहिला असेल. आरशाच्या तुकड्यांबरोबर त्यावर कवड्या शिवलेल्या असतात. कवडी ही समुद्राची. ज्या बाईने कधी समुद्र पाहिला नाही तिनेही समुद्राची वस्तू सुईदोऱ्याने अंगावर बांधून घेतली आहे.

आणि लढणाऱ्या माणसासाठी घरच्या बाईने शिवायचे, हीदेखील काही आजची रीत नव्हे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिकांनी मिळून ‘लॉयल्टी’ नावाचे एक रुग्णालय-जहाज उभे केले. मूळचे ते प्रवासी जहाज, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. त्याच्यात खाटा बसवल्या आणि ते जखमी शिपायांची ने-आण करू लागले. जखमी माणसाला काय लागते? पट्ट्या, चादरी, अभ्रे, सैल सदरे. ही सारी शिवण. मुंबईत त्या वेळी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने बायांनी युद्धसाह्याचे काम हाती घेतले होते. घरी बसून शिवलेला सदरा पार समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाच्या अंगावर जाई.

१९६२ सालचा धडा

मग आला १९६२ सालचा ऑक्टोबर. चीनने हिमालयात हल्ला केला. नामका चू नदीच्या काठी उभ्या असलेल्या आपल्या जवानांकडे थंडीचे पुरते कपडे नव्हते. उन्हाळी, सुती कपड्यांवर ते बर्फात लढले. ही बातमी देशभर पसरली आणि घराघरांत लोकरीच्या सुया हलू लागल्या. शाळेतल्या मुलींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी स्वेटर, मफलर, मोजे विणले. बायांनी अंगावरचे सोने संरक्षण निधीला दिले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक म्हणू लागले. पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही विणकामाच्या सुया अशाच चालल्या.

यात आपल्यासारख्या कापूसवाल्यांनी घ्यावा असा एक धडा आहे. सूत घाम शोषते म्हणून उन्हाळ्यात ते सुखाचे. पण तेच सूत बर्फात ओले झाले, की ऊब सोडून देते आणि अंगाला गारठा धरते. लोकर मात्र ओली झाली तरी पुष्कळशी ऊब राखते. म्हणजे बर्फातल्या जवानाला मायेने सुती बंडी शिवून पाठवली, तर माया पोचेल, ऊब पोचणार नाही.

मग सूत वाईट का? नाही. आता आपण बोटीवर जाऊ.

बोटीवरचे घर

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याची ही आठवण. २०२३ साली हा दिवस आपल्या मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला. या दिवसांच्या आसपास मुंबईत शाळकरी मुलांना आणि नागरिकांना युद्धनौका आतून पाहता येते. कधी योग आला तर जरूर पाहा. आणि जी बाई जवानासाठी शिवणार असेल, तिने तर तोफेपेक्षा जवानाच्या झोपण्याच्या जागेची आधी चौकशी करावी.

बाहेरून पाहाल तर नौका म्हणजे लोखंडी वाडा. पण आत शिरलात की कळते, वाडा मोठा असला तरी माणसाच्या वाट्याला जागा फार थोडी. चालायला अरुंद बोळ. उतरायला उभी शिडी. दरवाजांना उंच लोखंडी उंबरठे, कारण पाणी शिरले तर दार लावून ते एका खोलीतच अडवायचे असते. झोपायला रेल्वेच्या डब्यासारख्या एकावर एक फळ्या. एक माणूस जेमतेम मावेल एवढी ती जागा. सामानाला एक लहानसे कपाट. त्यात त्याचा सगळा संसार.

झोपेचेही असेच. बोटीवर रात्र आणि दिवस असा फरक नाही. आळीपाळीने पहारे चालतात. एकाची झोपायची वेळ तीच दुसऱ्याची उठायची. यंत्रांची घरघर थांबत नाही.

आता सांगा, आपण घरच्या पलंगासाठी शिवतो तशी चार थरांची, दोघा-तिघांना पुरणारी जाडजूड गोधडी या पोराने ठेवायची कुठे? वाळवायची कुठे? कपाटात ती मावली तर त्याचे कपडे बाहेर राहतील. म्हणजे आपण दिलेली माया त्याला ओझे होईल. तो तोंडाने काही बोलणार नाही, कारण देणारी आपली माणसे. पण पुढच्या सुट्टीत ती गोधडी घरीच ठेवून जाईल.

आगीपुढे कोणते कापड?

बोटीवर पाण्यापेक्षाही भीती आगीची. खाली इंधन, भोवती दारूगोळा, आणि पळून जायला जागा नाही. म्हणून तिथे कापडाची निवड हा जीवनमरणाचा विषय असतो.

१९८२ साली फॉकलंड बेटांवरून इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचे युद्ध झाले. ४ मे रोजी इंग्लंडच्या ‘शेफिल्ड’ या नौकेवर क्षेपणास्त्र आदळले आणि आग लागली. २० माणसे गेली. त्या युद्धात जळलेल्या खलाशांवर उपचार करताना एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या अंगावर कृत्रिम धाग्याचे कपडे होते, त्यांचे कापड वितळून कातडीला चिकटले आणि जखमा अधिक खोल झाल्या. सूतही जळते, पण ते वितळून अंगाला चिकटत नाही. तोंडावर आणि हातांवर घालायचे पांढरे सुती बुरखे आणि हातमोजे त्या खलाशांच्या कामी आले.

पाहा, बर्फात ज्या सुताने दगा दिला, तेच सूत आगीत जवानाच्या बाजूने उभे राहिले. कापड चांगले की वाईट हे कापडावर ठरत नाही. ते जिथे वापरायचे त्या जागेवर ठरते. आपण जमिनीचा पोत पाहून बियाणे निवडतो, तसेच हे आहे.

म्हणून बोटीवरच्या माणसासाठी शिवायचे तर नायलॉनची, पॉलिस्टरची चमकदार चिंधी त्यात घालू नका. गोधडीत आपण सगळे मिळून-मिसळून घालतो, पण इथे निवडून घ्या. शंका आली तर कापडाचे एक सूत काढून, पाण्याची वाटी जवळ ठेवून, मोठ्या माणसाने ते चिमट्यात धरून जाळून पाहावे. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख मऊ पडते. कृत्रिम धागा आक्रसतो आणि त्याची कडक गोळी होते.

शिवण कुठे येते?

कापड झाले, आता टाका. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलात शिपायांचे पाय दिवसच्या दिवस ओले राहत आणि सडत. घरोघरच्या बायांनी त्यांच्यासाठी मोजे विणले. पण मोज्याच्या बोटांपाशी जाड शिवण आली, की ती चालताना घासे आणि फोड येत. बोटांपाशी शिवणीचा उंचवटा न येऊ देता दोन कडा जुळवण्याचा एक टाका आहे. इंग्लंडचे तेव्हाचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांचे नाव त्या टाक्याला चिकटले, ते आजही चालते. फौजेच्या मंत्र्याचे नाव मोज्याच्या टाक्याला! लहान टाका, पण त्यावर शिपायाचे चालणे अवलंबून.

आपल्या पुण्याजवळ खडकी येथे १९७४ सालापासून एक केंद्र आहे, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे खालचे अंग लुळे पडले, असे जवान तिथे राहतात, काम शिकतात, खेळतात. अशा माणसाला खालच्या अंगाची जाणीव नसते. अंथरुणात दोऱ्याची एखादी जाड गाठ रुतत राहिली तर आपण कूस बदलतो. त्याला ती रुतते आहे हे कळतच नाही आणि तिथे जखम होते. म्हणून अशा कुणासाठी गोधडी शिवाल, तर ती पांघरायची शिवा, अंथरायची नको. गाठी थरांच्या आत दडवा. शिवणारीला हे ठाऊक नसेल, तर तिच्या चांगल्या मनातूनही इजा होऊ शकते.

सातासमुद्रापलीकडच्या गोधड्या

अमेरिकेत २००३ साली कॅथरीन रॉबर्ट्स नावाच्या बाईंचा मुलगा इराकच्या युद्धावर होता. युद्धावरून आलेला एक जवान रात्री खाटेच्या काठावर मान खाली घालून बसला आहे आणि मग गोधडी पांघरल्यावर त्याचा चेहरा निवतो, असे त्यांच्या मनापुढे आले. त्यातून ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ ही संस्था उभी राहिली. गावोगावच्या बाया आणि बापे फुकट शिवतात. आजवर तीन लाखांहून अधिक गोधड्या त्यांनी जवानांना आणि माजी सैनिकांना दिल्या आहेत.

त्यांच्यापासून घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, माप ठरलेले. ६० इंच रुंद आणि ८० इंच लांब हे उत्तम. ५५ बाय ६५ पेक्षा लहान नको आणि ७२ बाय ९० पेक्षा मोठी नको. दुसरी, गोधडीच्या मागे एक पट्टी, तीवर शिवणारीचे नाव आणि कुणाला दिली त्याचे नाव. तिसरी, गोधडी पाकिटात घालून पाठवून मोकळे व्हायचे नाही. शक्यतो माणसाला समोर बोलावून, चार माणसांत त्याच्या खांद्यांवर पांघरायची.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. पाहुण्याला शाल पांघरतोच की आपण.

मग आपण काय शिवावे?

आज जवानाला वर्दी, बूट, थंडीचे कपडे सरकार देते. त्यात आपली लुडबूड नको. आपण शिवायचे ते त्याच्या फावल्या वेळासाठी, झोपेसाठी, घरच्या आठवणीसाठी. बोटीवरच्या पोरासाठी या चार वस्तू सोप्या आणि कामाच्या आहेत.

सुईदोऱ्याची गुंडाळी: इंग्रजी फौजांत जवानाजवळच्या या गुंडाळीला फार जुन्या काळापासून ‘हाऊसवाइफ’ म्हणतात, म्हणजे चक्क घरधनीण! बटण तुटले, शिवण उसवली, की तीच उपयोगी पडते. फूटभर लांब, वीतभर रुंद जाड सुती पट्टी घ्या. अस्तर लावा. एका टोकाला दोन लहान खिसे करा. मध्ये जाड कापडाचा तुकडा टाचून त्यात तीन सुया खोचा. खिशांत पांढरा, काळा आणि निळा दोरा, चार-सहा बटणे आणि एक अंगुस्तान ठेवा. गुंडाळून नाडीने बांधा.

डोळ्यांवरची पट्टी: भर दिव्यात, भर दिवसा झोपायचे असते. मऊ काळ्या सुती कापडाचे दोन थर, मागे रुंद नाडी. नाडीची गाठ डोक्याच्या मागे नको, बाजूला यावी. नाहीतर उशीवर रुतते.

नाडीची पिशवी: मळके कपडे ठेवायला. शिवण दुहेरी घाला आणि कडा दुमडून तुरपून घ्या. सुटे दोरे लोंबू देऊ नका. बोटीत पाणी शिरले तर ते पंपाने उपसतात, आणि सुट्या चिंध्या पंपाच्या जाळीत अडकल्या तर पंप तुंबतो. म्हणून बोटीवर सुटी चिंधी म्हणजे शत्रू.

पातळ गोधडी: दोनच थर, जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याचे. एका माणसापुरती. शिवण्याआधी कापड उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, म्हणजे पुढे आटणार नाही. धावदोरा जवळजवळ घाला. घडी केली तर उशीच्या अभ्र्यात मावली पाहिजे. मावली की तीच उशी झाली.

एक ना धड भाराभर चिंध्या, असे होऊ देऊ नका. दहा प्रकारच्या वस्तू अर्धवट शिवण्यापेक्षा एकच वस्तू दहा जणी मिळून नीट शिवा. २०२० साली करोनाच्या साथीत राज्यभरच्या बचत गटांनी मुखपट्ट्या शिवल्या. एकीने कापायचे, दुसरीने घड्या घालायच्या, तिसरीने शिलाई मारायची, ही वाटणी बायांना आता चांगली ठाऊक आहे.

द्यायचे कुणाला आणि कसे?

आधी विचारा, मग शिवा. गावचा जवान सुट्टीवर आला की त्याला चहाला बोलवा आणि मोकळेपणी विचारा, “बापू, तुला तिथे काय अडते? जागा किती? काय चालते, काय चालत नाही?” गावातल्या माजी सैनिकालाही विचारा. तो आनंदाने सांगेल. बोट कुठे आहे, कुठे जाणार आहे, हे मात्र विचारू नका आणि कुठे लिहूही नका.

न विचारता, अनोळखी पत्त्यावर गठ्ठे पाठवू नका. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून त्या दिवशी जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा होतो. शिवता येत नसेल त्याने त्यात चार पैसे घालावेत, तेही तितकेच मोलाचे.

आणि हो, शिवताना जवानाच्या घराकडेही पाहा. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळच्या समुद्रात आपली ‘खुकरी’ ही नौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या नौकेबरोबर गेले, आणि त्यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. म्हणजे १९४ घरांतले ताट त्या रात्रीपासून रिकामे राहिले. तुमच्या गावात अशी कुणी वीरपत्नी, वीरमाता असेल, तर पहिली गोधडी तिला द्या. ती एकटीने नेऊन देऊ नका. शिवणाऱ्या सगळ्या जणी मिळून जा आणि तिच्या खांद्यावर पांघरा. आणि पुढच्या गोधडीला टाके घालायला तिलाही हाताला धरून आणा.

शिवलेले जहाज

जाता जाता एक नवलाची गोष्ट. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातले एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून आपल्या नौदलाने गोव्यात एक शिडाचे जहाज बांधून घेतले. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, तर नारळाच्या काथ्याने एकमेकींना शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात आले, नाव ‘कौंडिण्य’. २९ डिसेंबरला ते पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ ला, ऐन संक्रांतीला, मस्कतला पोचले.

म्हणजे टाका नीट जागी पडला, तर तो अरबी समुद्रही पार करतो. कारागिरांनी आधी लाकूड पाहिले, पाण्याचा जोर पाहिला, मगच दोरा ओवला. आपणही तसेच करू. या उन्हाळ्यात गोधडीचे थर पसराल, तेव्हा एका जवानापुरते दोन थर बाजूला काढा. पण दाभण उचलण्याआधी त्याला एकदा विचारा, “पोरा, तुझे माप काय?”